ग्वांगझूत तोंड आलं त्याची गोष्ट

चीनमधल्या ग्वांगझूत कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला गेलो होतो एप्रिलमध्ये. १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतं हे प्रदर्शन, हॉल फिरता फिरता पायाचे तुकडे पडतात. त्यात हवा अशी दमट की आपला कोकणातला जून बरा. पहिले तीन दिवस मी काय खाल्लं तर रात्री उशिरा रस्त्यावरचं भाजलेलं मटण, तिखटजाळ हॉटपॉट (टेबलावरच उकळत्या रश्श्यात शिजवून खायचं), वरून तळलेलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी तोंड आलं. जिभेवर दोन फोड, चहापण पिववेना.

आमची दुभाषी पोरगी म्हणाली जीभ दाखव. दाखवली, भर रस्त्यात. लगेच निकाल, शांगहुओ! म्हणजे अंगातली आग वर चढलीये. म्हटलं अगं माझी आईपण हेच म्हणते, उष्णता झाली.

मग तिने ओढत नेलं लियांगचाच्या दुकानात. नावाचा अर्थ थंड चहा, पण मिळतो गरम, आणि त्यात चहाची पत्ती बहुतेक नसतेच, नुसता पाला-मुळ्या उकळलेला काढा. काउंटरवर भोपळ्याच्या आकाराचे मोठे पितळी हंडे, चकचकीत घासलेले. २००६ मध्ये चीनने याला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलंय म्हणे, आम्ही आपला काढा पोरांची नाकं दाबून पाजतो. मला मिळाला 'चोवीस चवी' नावाचा, पण चव एकच, काडेचिराईत! नंतर हातावर एक खारट-आंबट सुकं आलुबुखार ठेवलं दुकानातल्या मावशींनी, तेवढीच दया.

दुपारी जेवायला बसलो तर बर्फवाला कोला मागू दिला नाही, गरम पाणी आलं. तिकडे आधी सूप, मग भात. सूप कोहळ्याचं, त्यात जवासारखे पांढरे दाणे, अंगातला 'ओलावा' काढायला. बाहेर भिंतीला घाम फुटलाय म्हणजे पोटातपण दमट असणार, असं काहीतरी लॉजिक. पोट दहातलं सात भाग भरलं की थांबायचं असंही ऐकवलं, आणि मग स्वतःच अजून दोन प्लेट डिमसम, म्हणजे मोमोसारखे वाफवलेले छोटे पदार्थ, मागवल्या.

इथपर्यंत सगळं आजीच्या स्वयंपाकघरासारखंच वाटत होतं, पण मग खेकडा आला. सोबत व्हिनेगरमध्ये बारीक चिरलेलं आलं. का? तर खेकडा थंड, पोटाला बाधतो, म्हणून आल्याची ऊब. अहो थंड?? आमच्याकडे सर्दी झाली की खेकड्याचा रस्सा पाजतात, उष्ण म्हणून! तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली, मी काहीतरी अडाण्यासारखं बोललो असं बघत.

फोड गेले दोन-तीन दिवसांनी. तसे ते आपोआपही जातातच, त्यामुळे काढ्याला किती मार्क द्यायचे कळत नाही. घरी आल्यावर आईला खेकड्याचं सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्यांचे खेकडे वेगळे असतील."