डावा, उजवा, डावा

रविवारी दुपारी भाच्यानं शेंगाचटणीची वाटी बाजूला सारून जेवणाच्या टेबलावरच पसारा मांडला. ईएसपी 32 चं बोर्ड (म्हणजे एक छोटा संगणकच), नखाएवढा अॅम्प्लिफायर आणि जुन्या टीव्हीतला स्पीकर. वायरी जोडून झाल्या, पण गाणं काही येईना. मधूनच नुसतं टक्.

"मामा, कागदात लिहिल्यासारखंच लावलंय की!"

घोळ तिथंच होता. फिलिप्सनं 1986 साली आय-टू-एस, म्हणजे एका चिपकडून दुसरीकडे आवाजाचे आकडे न्यायची पद्धत, ठरवली तेव्हा डेटाच्या तारेला 'एसडी' म्हटलं. या अॅम्प्लिफायरवरचा 'एसडी' मात्र त्याला झोपवायचा, म्हणजे बंद करायचा. डेटा 'डीआयएन' (डेटा इन) लिहिलेल्या जागी द्यायचा. दोन अक्षरांपायी अर्धी दुपार गेली.

एरवी मामला तीन तारांचा. एका तारेवर आकडे, दुसरीवर ठोके, तिसरी सांगणार की आत्ताचा आकडा डाव्या कानाचा की उजव्या. सीडीच्या दर्जाचं गाणं असेल तर ही तिसरी तार सेकंदाला 44,100 वेळा डावा-उजवा करते. दर खेपेला दोन्ही कानांचे 16-16 बिट (आकड्यातले शून्य-एक), म्हणजे ठोके झाले 14,11,200.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. समोर अण्णांचा यंत्रमाग. धोटा या टोकाला, त्या टोकाला, मध्ये फणीचा दणका. लहानपणी त्या खडखडाटातच झोपायची सवय लागली, त्यामुळं ही तिसरी तार मला धोट्यासारखी वाटते यात नवल नाही. तिची बाजू बदलली तरी नवा आकडा लगेच सुरू होत नाही, एक ठोका थांबतो. आणि येतो तो सगळ्यात वजनदार बिटापासून. हे मला फार आवडतं. 24 बिटांचा आकडा 16 बिटवाल्या चिपकडे गेला, तरी गळतं ते शेपूट. बारीकसारीक जातं, गाणं राहतं.

वायर बदलली, गाणं लागलं. आवाज ऐकून अण्णा दारात आले. भाच्यानं त्यांना उत्साहानं तिन्ही तारा दाखवल्या.

"मध्येच सूत तुटलं तर हे थांबतंय का?"

"नाही ओ. समोरच्याला पोचलं की नाही, हे पाठवणारा विचारतच नाही. पाठवतच राहतो."

"मग माणूस बसवायला पाहिजे की जवळ," अण्णा म्हणाले आणि चटणीची चिमूट तोंडात टाकून मागाकडं गेले.