मांडीवरची गिटार आणि ग्वाल्हेरचा ख्याल : सातव्या महिन्याची नोंद

गेल्या रविवारी गिटार मांडीवर आडवी ठेवून यमन रागातील त्याच विलंबित, म्हणजे संथ लयीच्या ख्यालाची स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि नंतर शांतपणे बसून उजव्या हाताने तार छेडल्याचे आघात मोजले. तिलवाडा तालाच्या 16 मात्रांच्या पहिल्या आवर्तनात 21 आघात भरले. मार्चमध्ये हेच आवर्तन वाजवले होते, तेव्हा ते 43 होते. सात महिन्यांत माझ्या वादनात काय बदलले, हे या दोन आकड्यांपेक्षा नेमकेपणाने मला सांगता येणार नाही. म्हणून या वेळची नोंद प्रामुख्याने आघातांविषयीच आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. माझा जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरातला. आजोबा माधव संगीत महाविद्यालयात काही वर्षे गाणे शिकले होते. 1918 मध्ये महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या संस्थेचा आमच्या घरात देवघराइतकाच आदराने उल्लेख होत असे. मी मात्र वयाच्या पंधराव्या वर्षी गिटार घेतली ती गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदात वाजवण्यासाठी. पुढची वीसएक वर्षे मी गिटार उभी धरून कॉर्ड वाजवत राहिलो. ते दिवस आनंदाचे होते आणि त्यांनी मला लय दिली. पण घरात कानावर पडणारे गाणे आणि हातातले वाद्य या दोन गोष्टी कधी एकमेकींना भेटल्या नाहीत.

त्यांची गाठ पडली ती पंडित ब्रिजभूषण काब्रा यांच्या वादनामुळे. 1967 मधील ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रही असते, परंतु बहुतेकांना त्यातील संतूर आणि बासरी आठवते. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत तिसरे वाद्य काब्रांची गिटार आहे, हे सांगावे लागते. काब्रांचा जन्म 1937 मधला, जोधपूरचा. वडिलांना सतारीचा नाद होता, थोरले बंधू दामोदरलाल सरोद वाजवत. ब्रिजभूषण यांचे मन मात्र मांडीवर ठेवून वाजवायच्या हवाईयन गिटारवर बसले आणि वडिलांनी परवानगी दिली ती या वाद्यावर केवळ रागसंगीतच वाजवायचे, या अटीवर. पुढे ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य झाले. म्हणजे गिटारवादकाला घडवले ते एका सरोदियाने, आणि हे त्यांच्या आलापात स्पष्ट ऐकू येते : स्वरापर्यंत जाण्याची वाट त्यांना स्वराइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी गिटारबरोबर पंडित अजय चक्रवर्ती यांच्याकडे गायनाचीही तालीम घेतली. ही गोष्ट वाचनात आली, तेव्हा मला माझा मार्ग सापडल्यासारखे झाले, कारण गिटारचे गुरू आमच्या गावात मिळणे कठीण असले, तरी गाण्याचे गुरू दोन गल्ल्या सोडून राहत होते.

वाद्याविषयी थोडक्यात. माझी गिटार साधी, पोलादी तारांची, 648 मिलिमीटर तारलांबीची आहे. मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या नटवर उंच धातूचा नट बसवून तारा पडद्यांपासून (फ्रेट्सपासून) सुमारे 9 मिलिमीटर वर उचलल्या आहेत. पहिली तार मध्य षड्ज, दुसरी मंद्र पंचम, चौथी मंद्र षड्ज आणि तिसरी रागाप्रमाणे बदलती. डाव्या हातात सुमारे 200 ग्रॅम वजनाचा भरीव स्टीलचा, तारांवर सरकवायचा रॉड, उजव्या हातात तार छेडायच्या दोन नख्या आणि अंगठ्याला एक. आरंभी एका दुकानातून घेतलेला पोकळ रॉड वापरत होतो. त्याने तारेवर खरखर येत असे आणि तो दोष मी चार महिने स्वतःच्या हाताचा समजत राहिलो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी रॉडच्या बाबतीत काटकसर करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

पडद्यांच्या रेषांनी माझी बराच काळ दिशाभूल केली. कॉर्ड वाजवणाऱ्या हाताला सवय असते की चौथा पडदा म्हणजे गंधार. परंतु तो पडदा समान विभागलेल्या सप्तकाचा आहे. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार तारेच्या एकपंचमांश लांबीवर, म्हणजे नटपासून साधारण 129.6 मिलिमीटरवर लागतो आणि चौथा पडदा 133.7 मिलिमीटरवर आहे. हा 4 मिलिमीटरचा फरक यमनमध्ये लपत नाही, कारण गंधार तिथे वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वर आहे आणि त्याच्यावर थांबायचे असते. दोन महिने मी रोज सकाळी तंबोरा लावून फक्त ‘नि रे ग’ एवढेच वाजवले, तेही डोळे मिटून. आता रॉड पडद्याच्या अलीकडे आपसूक थांबतो आणि त्या क्षणी तंबोऱ्याच्या खर्जाची तार जरा उजळल्यासारखी वाटते. दुसरी अडचण वरच्या सप्तकातली : मोकळ्या तारेपासून कोमल रिषभापर्यंत रॉड 36 मिलिमीटर सरकतो, तर तार रिषभाच्या पुढे अर्ध्या स्वराचे अंतर 16 मिलिमीटरच्याही खाली येते आणि माझा रॉडच 22 मिलिमीटर जाडीचा आहे. तो तारेला टेकतो त्या एका रेषेकडेच लक्ष ठेवावे लागते.

आता मूळ विषयाकडे येतो. मार्चमध्ये मी ख्यालातला प्रत्येक स्वर स्वतंत्र आघाताने वाजवत होतो. स्वर चुकत नव्हते, ताल चुकत नव्हता, तरी माझ्या गाण्याच्या गुरुजींनी ऐकून एवढेच विचारले, “बंदिश कोणती वाजवलीस?” त्यांनीच शिकवलेली बंदिश त्यांना ओळखता आली नव्हती. त्यानंतर त्यांनी गिटार सहा आठवडे बाजूला ठेवायला लावली. स्थायी आणि अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग) मांडीवर ताल धरून रोज गायचा आणि प्रत्येक अक्षर कोणत्या मात्रेवर सुरू होते, हे वहीत लिहायचे, असा नेम घालून दिला.

ज्या शहरात हद्दू खाँ, हस्सू खाँ या गायक बंधूंची गायकी घडली, तिथल्या परंपरेत बंदिशीला काय स्थान आहे, हे मला या सहा आठवड्यांत समजू लागले. ग्वाल्हेरचा गवय्या आरंभीच स्थायी आणि अंतरा दोन्ही पूर्ण मांडतो, विलंबित लय फार सैल होऊ देत नाही आणि नंतरच्या बोलआलापात, बोलतानांत शब्दांना सोडत नाही. शब्दच नसतील, तर त्या मांडणीचा सांगाडाच राहत नाही. वाद्याला शब्द उच्चारता येत नाहीत. मात्र अक्षर कुठे सुरू होते, हे आघाताने दाखवता येते. म्हणून आता माझा नियम असा आहे की अक्षराचे व्यंजन जिथे पडते तिथेच नखी लागते आणि त्या अक्षराचा स्वर जेवढा लांबतो तेवढा प्रवास एकाच आघातावर रॉडने करायचा. ‘रे’वर सुरू झालेले अक्षर ‘ग’ला स्पर्श करून ‘सा’वर येत असेल, तर तिथे आघात एक आणि घसीट (रॉड तारेवरून सरकवणे) दोन.

या नियमात एक खरी अडचण होती. गळ्यातला आकार, म्हणजे लांबवलेला ‘आ’, श्वासभर टिकतो, तार मात्र दोन-तीन मात्रांत मावळू लागते. मी तिथे पुन्हा आघात करीत असे आणि त्यामुळे एक नवेच अक्षर उमटल्याचा भास होत असे. गुरुजींनी तोच आकार चार वेळा गाऊन दाखवला आणि म्हणाले, “मी आकार कुठे जरा झटकतो ते ऐक, तिथेच हळूच वाजव.” गाणारा लांबलेल्या आकारात बारीक खटका घेऊन त्याला पुन्हा बळ देतो. त्या जागी अंगठ्याची मऊ नखी लावली, तर तो आघात नव्या अक्षरासारखा ऐकू येत नाही. 21 आघातांपैकी 16 अक्षरांचे आहेत आणि उरलेले 5 या झटक्यांचे.

जूनमध्ये जीवाजीगंजातल्या सरोदघरात पुन्हा एकदा गेलो. सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या जुन्या घराचे हे संग्रहालय लहानपणी अनेकदा पाहिले होते, परंतु या वेळी मी सरोदची पट्टीच पाहत उभा राहिलो. पडदे नसलेली गुळगुळीत धातूची पट्टी, तिच्यावर नखाने दाबून सरकवलेली तार आणि तार छेडायची नारळाच्या करवंटीची जवा. सरोदिये ज्याला सूत म्हणतात ती क्रिया आणि माझ्या रॉडची घसीट यांत नाते आहे. हाफिज अली खाँ यांचे घराणे वेगळे आणि अली अकबर खाँ यांचे मैहरचे वेगळे, हे खरेच. पण काब्रांना सरोदियाकडून शिकताना परके का वाटले नसेल, हे त्या पट्टीसमोर मला कळले. फरक आहे तो नादाच्या आयुष्याचा : सरोदचा स्वर लवकर विरतो, म्हणून तिथे जवा सतत चालते. गिटारचा त्याहून अधिक टिकतो आणि म्हणूनच गळ्याच्या लांब आकाराच्या ती अधिक जवळ जाऊ शकते.

ऑगस्टपासून शेजारच्या घरातली बारा वर्षांची मुलगी रविवारी माझ्याकडे येते. तिला ‘काका, लगेच गाणे शिकवा’ अशी घाई होती. मी तिला पहिले तीन रविवार फक्त भूप रागातली सरगम गायला लावली आणि मग रॉड हातात दिला. तिचा हात हलका आहे, पण रॉडच्या मागे अनामिका आणि करंगळी तारेवर टेकवायला ती विसरते. मग मागच्या तुकड्यातून चिरका आवाज येतो. तिला समजावताना लक्षात आले की माझी करंगळीही द्रुत लयीत उचलली जाते. आता आम्ही दोघे आठवड्यातला एक दिवस केवळ त्याच बोटांच्या सरावाला देतो.

अंतरा अजून बसलेला नाही. त्याची पहिली ओळ पंचमापासून तार षड्जावर चढते आणि तिथे अक्षरे एकमेकींना खेटून आहेत, त्यामुळे घसीटीला जागाच उरत नाही. गुरुजींनी तिथे दुसऱ्या तारेवरून पहिलीवर येण्याचा एक पर्याय सुचवला आहे. तंबोऱ्याबरोबर तो वाजवून पाहिला, तर पंचम गोड लागतो, पण तार बदलताना अक्षर तुटते. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेन समारोह भरेल, त्याच्या आत ती एक ओळ न तुटता वाजवायची आहे. तिचे आघात मी वहीत मांडून ठेवले आहेत : 9 अक्षरे, 9 आघात आणि एक झटका, तार षड्जावर.