पाण्यातलं लोखंड

जून महिन्यात मुंबईत लोखंड रंगवायचं तर आधी हवेची परवानगी घ्यावी लागते. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की ब्रश खाली. शिवाय पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवं. नाहीतर डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा घामेजलेला असतो आणि रंग पत्र्याऐवजी पाण्याच्या पापुद्र्यावर बसतो. पावसाळ्यात कुलाब्याच्या हवेत ८५ टक्क्यांखालचा दिवस गाठणं म्हणजे काय, ते तिथं कपडे वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा. पण जहाजं दुरुस्त करणाऱ्या नौदल गोदीचं वेळापत्रक वर्षभर गच्च असतं आणि कुठल्या ना कुठल्या युद्धनौकेच्या वाट्याला पावसाळा येतोच. मग ताडपत्र्यांचे मांडव घालायचे, आत कोरडी हवा सोडायची आणि दर काही तासांनी आर्द्रता मोजून वहीत लिहायची.

समोर एखादी कोलकाता वर्गातली विनाशिका आहे असं धरू. माझगाव डॉकमध्ये बांधलेली, लांबी १६३ मीटर, वजन साडेसात हजार टनांच्या घरात, आत तीनशेहून अधिक माणसं. तिच्या क्षेपणास्त्रांवर आणि रडारवर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण वर्षातले किती दिवस क्षेपणास्त्र सुटतं आणि किती दिवस हातात तारेचा ब्रश असतो, याचा हिशोब कुठल्याही खलाशाला विचारून बघा. खाऱ्या पाण्यात लोखंड तरंगत ठेवायचं, हा मूळ उद्योग. बाकीचं सगळं त्याच्या वर उभं.

मुंबईच्या नौदल गोदीला हा उद्योग नवा नाही. १७३०च्या दशकात लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथं आले आणि अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथं दगडी कोरडी गोदी उभी राहिली होती. वाडियांच्या घराण्यानं सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. सागवानाला गंज चढत नाही हे खरं, पण लाकडाला समुद्रातला किडा पोखरायचा, म्हणून तळाला तांब्याचा पत्रा मढवत. समुद्रात काहीही उतरवा, खाणारं कुणीतरी आधीच तिथं बसलेलं असतं.

कोरड्या गोदीत जहाज घेणं वाटतं तितकं साधं नाही. गोदीच्या तळावर नकाशाबरहुकूम ठोकळे मांडलेले असतात. जहाज आत आलं की दरवाजा बंद, मग पंपानं पाणी उपसायचं. जहाज सहसा मागच्या बाजूला किंचित जड असतं, त्यामुळे आधी मागचा भाग ठोकळ्यावर टेकतो. पूर्ण तळ बसेपर्यंतचा वेळ नाजूक. खालून ठोकळा रेटतो, वरून पाण्याचा आधार कमी होत जातो, आणि जहाजाचा तोल सांभाळण्याची ताकद त्या मिनिटांपुरती घटते. बाहेर काढताना हाच प्रकार उलट्या क्रमानं. म्हणून गोदीत असताना एखादा पंप काढून वर्कशॉपला नेला किंवा टाकीतलं इंधन हलवलं, तर त्याची नोंद हवीच. काय गेलं, किती वजनाचं, कुठून गेलं. नोंद चुकली तर पाणी भरताना जहाज एका अंगाला झुकू शकतं, आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ५ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईत आयएनएस बेतवा ही युद्धनौका गोदीतून बाहेर काढताना आडवी झाली आणि दोन नौसैनिक गेले. तेव्हापासून, कुणी या कागदपत्रांना कारकुनी म्हणालं की मी त्याला आडव्या पडलेल्या बेतवाचं छायाचित्र बघायला सांगतो.

पाणी गेलं की तळ दिसतो, आणि तळ बघून जहाजानं वर्ष कसं काढलं ते ओळखता येतं. जेट्टीला जास्त दिवस बांधून ठेवलेलं असेल तर बार्नकल (तळाला चिकटून राहणारे कवचवाले जीव) आणि शेवाळ दाट. कोमट, उथळ, गढूळ बंदर त्यांना फार मानवतं. तळाचा विशेष रंग चालत्या जहाजावर काम करतो. पाण्याच्या घासण्यानं त्याचा वरचा थर थोडा थोडा विरघळतो आणि आतलं तांब्याचं संयुग बाहेर येत राहतं. जहाज उभंच राहिलं तर रंगही थंड पडतो. पूर्वी यात कथिलाचं एक जहाल संयुग घालत. ते शिंपल्यांच्या पिढ्याच बिघडवतं असं दिसल्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय करारानं बंद झालं. बार्नकलना आनंद झाला असावा.

आधी गोड्या पाण्याचा जोरदार फवारा, मग ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे जोरानं कठीण कणांचा मारा करून पत्रा खरवडणं. हा क्रम उलटा करायचा मोह होतो, कारण ब्लास्टिंगनं पत्रा चकचकीत पांढरा दिसतो. पण मीठ आधी धुतलं नाही तर त्याचे कण पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत ठोकले जातात. वर कितीही महाग इपॉक्सी रंग लावा, ते मीठ रंगाच्या थरातून पाणी ओढून घेतं आणि काही महिन्यांत फोड उठतात. फोड फोडला की आत खारट पाणी, खाली काळा गंज. ब्लास्टिंग झालेला पत्रा काही तासांच्या आत प्रायमरखाली गेलाच पाहिजे. पावसाळी हवेत जेवणाच्या सुट्टीतसुद्धा त्यावर तांबूस झाक येते. मग पुन्हा ब्लास्टिंग, पुन्हा कंत्राटदाराशी वाद.

ठोकळ्यांवर टेकलेल्या जागा अर्थातच रंगवता येत नाहीत. त्यासाठी पुढच्या वेळी ठोकळे थोडे सरकवून मांडतात. हे विसरलं तर तळावरचे तेच चौकोन वर्षानुवर्षं उपाशी राहतात.

तळाला जस्ताचे ठोकळेही बसवलेले असतात. जहाज ढकलणारा पंखा ब्राँझचा, अंग पोलादाचं, भोवती खारं पाणी. म्हणजे एक मोठा बॅटरीचा सेलच झाला. त्यात पोलाद झिजायचं, त्याऐवजी जस्त झिजावं म्हणून ही सोय. गोदीत दरवेळी हे ठोकळे बदलतात. अर्धे झिजलेले निघाले तर छान, त्यांनी काम केलं. जसेच्या तसे निघाले तर काळजी, आणि बहुतेकदा कारण एकच सापडतं. मागच्या वेळी कुणीतरी उत्साहानं त्यांनाही रंग दिलेला असतो.

उत्साही रंगारी हा माझ्या मते गंजाखालोखालचा धोका. जलरोधक दरवाज्यांच्या रबरी पट्टीवर रंग चढला की रबर कडक होतं आणि दरवाजा लागूनही गळतो. म्हणून खडूची चाचणी करतात. चौकटीच्या धारेला खडू फासायचा, दरवाजा लावून उघडायचा. रबरावर खडूची अखंड रेघ उमटली तर ठीक, मध्येच तुटली तर तिथून पाणी येणार. ग्रीस भरायच्या निपलवर रंग बसला की बिजागरी सुकते. अँटेनांच्या इन्सुलेटरवर, रडारच्या घुमटांवर मनाला येईल तो रंग चालत नाही. आणि आतल्या भिंतींवर वर्षानुवर्षं थरावर थर चढवत गेलं तर वजन वाढतंच, पण आग लागली की तो रंग जळतो, धूर करतो आणि पलीकडच्या खोलीत आग नेतो. खरवडल्याशिवाय रंगवायचं नाही, हा नियम त्यासाठी.

गोदीतल्या मुक्कामात माणसांचे हाल वेगळेच. जहाजाखाली पाणी नाही, म्हणजे एसीला थंड करायला पाणी नाही, संडास बंद, आग विझवायचं पाणीही किनाऱ्यावरच्या नळातून. बहुतेक मंडळी बाहेर बराकीत राहतात. जिथं वेल्डिंग चालू असेल तिथं एक माणूस अग्निशामक घेऊन उभा, आणि पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरा. हा दुसरा माणूस महत्त्वाचा. ठिणगी इकडे, पण तापलेल्या पत्र्याच्या पाठीमागची केबल किंवा थर्माकोल पेटतो तिकडे.

पाण्यात परतल्यावर बंदरातल्या चाचण्या, मग समुद्रातल्या. मग कोचीच्या ‘फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंग’च्या हाताखालची तपासनीस मंडळी जहाजावर येतात आणि आठवडेच्या आठवडे झोप उडवतात. रात्री अडीचला आग, त्यात पूर, त्यात जनरेटर बंद. नरम लाकडाच्या पाचरी भोकात ठोकायच्या, त्या पाण्यानं फुगून घट्ट बसतात. मोठ्या भगदाडाला गादी लावून वासे टेकवायचे. याची तालीम लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात, डोंगरात, हलत्या खोलीत पाणी सोडून आधीच झालेली असते. आगीत एक कठीण हिशोब सतत करावा लागतो. विझवायला मारलेलं पाणी खाली गेलं नाही तर वरच्या डेकवर साचून हिंदकळतं आणि जहाज कलंडवतं. किती पाणी ओतलं आणि किती उपसलं, दोन्ही आकडे एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर हवेत. ही तालीम परक्या जहाजांच्याही कामी येते: जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ हे तेलवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून पेटलं, तेव्हा आयएनएस विशाखापट्टणमचे १० जण त्याच्यावर चढून आग विझवायला गेले होते.

त्या आखातात आपलं नौदल ऑक्टोबर २००८ पासून गस्त घालतं आहे. गस्तीचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला. फक्त संध्याकाळी चार ते आठ ही पाळी दोन-दोन तासांत मोडतात, म्हणजे दिवसाच्या पाळ्या सात होतात आणि मध्यरात्री बारा ते चारची पाळी रोज त्याच माणसाच्या नशिबी येत नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा सुचवलं त्याला अख्ख्या मेस डेकनं, म्हणजे खलाशांच्या राहत्या मजल्यानं, जेवू घालायला हवं होतं.

समुद्रात गंजाचा वेग बंदरापेक्षा वेगळा. नाकाडावर सतत फवारा, वर ऊन; पाणी वाळतं, मीठ राहतं, रात्री दमट हवेत ते पुन्हा ओलं होतं. गॅस टर्बाइन हवा ओढतं तिच्याबरोबर मीठही जातं. गाळण्या बरंचसं अडवतात, तरी उरलेलं पात्यांवर बसतं आणि ताकद घटते. म्हणून ठराविक तासांनी टर्बाइन गोड्या पाण्यानं धुवायचं. तेच गोडं पाणी स्वयंपाकाला, आंघोळीला, हेलिकॉप्टर धुवायला. ते जहाजावरच समुद्राच्या पाण्यातून आरओ यंत्र काढतं, आणि यंत्राच्या पडद्यांना बंदराचा गाळ सोसत नाही, म्हणून किनारा बराच मागे पडल्याशिवाय ते चालू करत नाहीत. एखादा पंप बसला की आंघोळीच्या वेळा सूचनाफलकावर लागतात.

मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकातानं ‘रुएन’ हे पळवलेलं जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर गाठलं. १७ खलाशी सुटले, ३५ चाचे हाती लागले आणि आठवड्याभरानं, २३ मार्चला, मुंबईत पोलिसांच्या ताब्यात गेले. बातमीत शौर्याची बाजू आली, ती यायलाच हवी. पण गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दृष्टीनं बघा: ३५ जादा ताटं, ३५ माणसांचं जादा पाणी, आणि शिवाय चोवीस तास पहारा, तोही पाळीवाल्यांतूनच काढलेला.

तेल मिळतं ते आयएनएस दीपक किंवा शक्तीसारख्या टँकरकडून, चालता चालता. दोन्ही जहाजं पन्नासेक मीटरवर समांतर, बारा-तेरा नॉटच्या वेगानं. आधी बंदुकीनं बारीक दोरी सोडायची, तिच्यामागे जाड दोर, मग तारेवरून नळी. मधल्या चिंचोळ्या पाण्याचा दाब बदलतो; नाकाडं एकमेकांना ढकलतात, मधले भाग खेचले जातात. सुकाणूवरचा माणूस त्या तासाभरात अर्ध्या-अर्ध्या अंशाशी झगडत असतो. त्या वेळी त्याला चहासुद्धा कुणी विचारत नाही.

अशा फेरीहून जहाज परततं तेव्हा नांगराच्या भोकाखाली तांबडे ओघळ असतात. बंदरात शिरण्याआधी ते रंगवून टाकायची घाई होते, विशेषतः जेट्टीवर कुणी मोठे साहेब येणार असतील तर. गंजावरून सरळ राखाडी रंगाचा हात. लांबून झकास दिसतं, तीन आठवड्यांत पापुद्रा सुटतो आणि तोवर गंजानं खालच्या पत्र्यात पाडलेला खड्डा दुप्पट झालेला असतो. मला विचाराल तर ओघळांसकट आलेलं जहाज बरं. निदान कुठं काय झालंय ते दिसतं. पारखायचंच असेल तर बाजूचा पत्रा सोडा, दरवाज्यांच्या बिजागऱ्या, पाणी वाहून जायची भोकं आणि रेलिंगच्या खांबांची बुडं बघा.

खरी खोड तर आत असते. सगळ्यात वाईट गंज समुद्राकडच्या बाजूला सापडत नाही, तो बाथरूमच्या फरशीखाली आणि गॅलीच्या चुलींमागे सापडतो. रोजचं साबणाचं पाणी, वाफ, फरशीची एक फट. खालचा पत्रा वर्षानुवर्षं ओला, आणि वर फरशी असल्यामुळे कुणाला दिसत नाही. पुढच्या गोदीच्या कामांची यादी काही महिने आधी द्यावी लागते, आणि ती लिहिणारा अधिकारी बहुतेकदा गोदी लागायच्या आत बदली होऊन जातो. त्यामुळे यादीत पंप येतात, झडपा येतात, तळाचा रंग येतो, फरशी राहते. ती उचकटून अल्ट्रासोनिक यंत्रानं पत्र्याची जाडी मोजायची असेल तर यादीत स्वतंत्र कलम घालावं, खोली क्रमांकासकट. नुसतं ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहिलं तर गोदीवाले फरशीला हात लावत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही.