आजोबांच्या डब्यातलं १७८०

गणपतीला आलेल्या भाच्याने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला आणि ओरडलाच, "मामा, १७८० सालचा नाणा आसा! लाखात जातला!" मी म्हटलं, आधी वजन करू. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, नाण्याच्या बाबतीत माझा डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा.

डबा आजोबांचा. ते बोटीवर खलाशी. एडन, मोंबासा करून यायचे आणि प्रत्येक बंदरातली मोड खिशात तशीच राहायची. वेंगुर्ल्याच्या बाजारात ओळखीच्या सोनाराकडे डबा नेऊन ओतला.

आधी रुपये. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. काटा त्याच्या आसपास थांबला की निम्मी शंका मिटते. १९३९पर्यंतच्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के, १९४०पासून निम्मी. म्हणजे राजा तोच, वजन तेच, आणि मोल मात्र अर्ध्यावर. पंचम जॉर्जच्या एका रुपयावर आम्ही भिंग लावून डुक्कर शोधलं. १९११च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसायचा. बोंब झाली, सरकारने नाणी परत घेऊन बहुतेक वितळवली, म्हणून उरलेल्यांना भाव. आमचा रुपया निघाला १९१९चा. त्यावर हत्ती चांगला सोंडेबिंडेचा.

पूर्व आफ्रिकेचा शिलिंग १९२४चा, डोंगरापुढे सिंह. दिसायला रुबाबदार, चांदी फक्त पाव हिस्सा. भोकाचे दहा सेंट होते त्यांचं सोनाराने तोंडही बघितलं नाही.

तांब्याच्या दोन शिवराया होत्या, म्हणजे मराठेशाहीतली नाणी, तिथे मात्र आमचंच चुकलं. आदल्या रात्री आयेने त्या आमसुलाने घासून लख्ख केल्या होत्या, समईसारख्या. "चकचकीत दिल्यार चार पैसे जास्त येतले." नाणी जमवणाऱ्याला तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो काळपट रंगच हवा असतो. घासलं की अक्षरांची धार जाते आणि भावही. सोनार काही बोलला नाही, नुसता आयेचं वय विचारून हसला.

आता १७८०. वजन २८ ग्रॅम, वर एका जाड बाईचा मुखवटा. ही ऑस्ट्रियाची महाराणी मारिया थेरेसा. १७८० हे तिच्या मरणाचं साल. लाल समुद्राच्या काठच्या व्यापाऱ्यांचा याच नाण्यावर इतका विश्वास बसला होता की पुढे दीडशेहून जास्त वर्षं तेच साल घालून नाणी पाडत राहिले. व्हिएन्नात, लंडनमध्ये, दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. म्हणजे हे मुंबईत जन्मून, एडनला जाऊन वेंगुर्ल्याला आलेलं असू शकतं! चांदी ८३ टक्के, सुमारे २३.४ ग्रॅम. भाव त्या चांदीचा आणि वर थोडा. लाख कुठले.

भाच्याचा चेहरा पडला. त्याने तोवर फोनवर कुणाला तरी फोटो पाठवला होता. पलीकडचा म्हणत होता, रिझर्व्ह बँकेची परवानगी काढून देतो, आधी नोंदणीचे अडीच हजार भरा. मी फोन घेतला आणि कंडक्टरच्या आवाजात दोन वाक्यं सुनावली. रिझर्व्ह बँक असल्या खरेदी-विक्रीत पडत नाही, दलालीही घेत नाही, हे तिने २०२१च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय.

रुपये विकायचे की नाही ते बहिणीशी बोलून ठरवू. थेरेसाबाईंचं आयेने ठरवूनच टाकलं. आजोबा गेल्यापासून दर लक्ष्मीपूजनाला हे नाणं तिच्या ताटात असतं, इंग्लंडची राणी म्हणून. भिंगातून बघितलं तर बाईच्या केसांच्या वळणात कुंकू अजून बसलेलं आहे. मी सांगितलं, ही ती राणी नव्हे. आये म्हणाली, "राणीच मां? मगे झाला." आणि डबा माझ्या हातातून घेतला.