कोरांटीला कात्री लावायची ती कधी?

पावसाळाभर हिरवीगार वाढलेली कोरांटी दिवाळीत नुसतीच पानं मिरवत असेल, तर बहुतेक वेळा चूक कात्रीची असते. कळ्या कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या बगलेत धरतात. नवरात्राच्या आधी घर आवरताना झुडूपही ‘जरा नीट’ केलं, की तो बहरच कापला जातो.

बागेत लावतात ती बिनकाट्याची कोरांटी म्हणजे बार्लेरिया क्रिस्टाटा: जांभळी, गुलाबी, पांढरी, शिवाय पांढऱ्यावर जांभळे पट्टे असलेली. काटेरी पिवळी कोरांटी, म्हणजे वज्रदंती, हिची बहीण. ती कुंपणालाच शोभते. कुंडीत लावून हात ओरबाडून घेण्यात अर्थ नाही.

छाटणी करायची ती बहर संपल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्च. एक तृतीयांश झुडूप ठेवून बाकी उतरवा. जुन्या, पोकळ वाटणाऱ्या काड्या बुडातून काढा. जून-जुलैत नव्या फांद्यांचे शेंडे दोनदा खुडा, म्हणजे फुटवे वाढतात. ऑगस्टनंतर हात लावू नका.

छाटलेल्या काड्या टाकायच्या नाहीत, पण रोपं करायला जून महिन्यात घेतलेल्या काड्या जास्त खात्रीच्या. पेन्सिलीहून थोडी बारीक, ना कोवळी ना जून, तीन-चार पेरांची १०-१२ सेंटिमीटर काडी घ्या. खालच्या पेराच्या लगेच खाली काप द्या, वरची दोनच पानं ठेवा आणि दोन पेरं वाळूमिश्रित मातीत जातील अशी खोचा. सावलीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मध्येच उपटून बघायचा मोह आवरा.

कुंडी १२ इंची. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. ऊन किमान चार-पाच तास हवं. सावलीत काड्या लांबतात, फुलं तुरळक येतात. युरिया तर नकोच, त्याने पानांचंच रान माजतं. पाणी वरची माती बोटभर सुकल्यावर. खालची पानं पिवळी पडून गळत असतील, तर आधी कुंडीचं भोक तुंबलंय का ते पाहा.

पानांच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर लिटरभर पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण घालून संध्याकाळी फवारा. काळ्या, काटेरी केसांच्या अळ्या दिसल्या तर मात्र थांबा: पॅन्सी गटातली फुलपाखरं कोरांटीवर अंडी घालतात. चार पानं गेली तर जाऊ द्या.

बी हवं असेल तर बोंडं तपकिरी होताच काढून कागदी पिशवीत ठेवा. झाडावर वाळली की तडकून बी उडतं, आणि पुढच्या पावसात कोरांटी शेजारच्या तुळशीच्या कुंडीत उगवते.