एकशे पंधरा आणि दीडशे

बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, या मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळातल्या एका संघाचा मी विश्लेषक आहे. खेळाडू खेळतात, प्रशिक्षक त्यांना घडवतो, आणि मी झालेला सामना पुन्हा पुन्हा बघतो. एका सामन्यात 16 संघ, 64 खेळाडू. कोण कुठे उतरतं हे आधीच ठरल्यासारखं असतं. एरँगलच्या नकाशावर प्रत्येक संघाची आपली जागा असते आणि दुसऱ्याच्या जागी उतरणं म्हणजे उघड वैर. झोन, म्हणजे लहान होत जाणारं सुरक्षित वर्तुळ, कुठे सरकेल, त्या वेळी कोणता रस्ता मोकळा असेल, गाड्या कुठे लपवायच्या, हे मी आदल्या रात्री मांडून देतो. हे काम मला येतं. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

ऑनलाइन पात्रता फेरीचा शेवटचा दिवस, सहावा सामना. पहिल्या क्रमांकाला 10 गुण, मग 6, 5, 4 असे उतरत जातात, आणि मारलेल्या प्रत्येक खेळाडूमागे 1. पुढे जायला आम्हाला 9 हवे होते. शेवटचे चार संघ उरले तेव्हा आमचे चौघेही जिवंत होते आणि 3 जण टिपले होते. झोन पोचिंकीजवळच्या उतारावर आलेला, आमच्याकडे तीन दगड आणि एक झाड. यापेक्षा चांगली जागा मागून मिळत नाही.

आमच्या डाव्या टोकाला जो मुलगा होता त्याचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातला, म्हणून घरात सगळे त्याला जिंतूरच म्हणायचे. घर म्हणजे आमचं बूटकॅम्प, नवी मुंबईतला तीन खोल्यांचा फ्लॅट. वय 19. चार बोटांनी खेळायचा, जायरोवर, म्हणजे फोन हलवून नेम धरताना, त्याचा हात इतका स्थिर की डीपी-28 मशीनगनची अख्खी फैर एका खिडकीत बसवायचा.

आसामचा आमचा सपोर्ट, म्हणजे बाकीच्यांना साथ देणारा खेळाडू, ओरडला, "वन फिफ्टीन, वन फिफ्टीन, दो बंदे." जिंतूर वळला, बंदुकीला फोर एक्स दुर्बीण लावून आडवा झाला, आणि रिकाम्या गवताकडे बघत राहिला. दोघे त्याच्या डावीकडून आले. आधी आमचा आयजीएल, म्हणजे खेळताना डाव ठरवणारा कर्णधार, पडला, मग एक ग्रेनेड, मग सगळं संपलं. चौथा क्रमांक, 4 अधिक 3. सात.

समालोचकांनी "चोक" हा शब्द वापरला. खाली चॅटमध्ये लोकांनी काय लिहिलं ते इथे उतरवणार नाही. घरबसल्या पोरांच्या आया काढणाऱ्यांना एकदा तरी त्या खुर्चीत बसवायला हवं.

व्यवस्थापनाला रात्रीच अहवाल हवा होता. हरल्यानंतर चार तासांत कारण मागणारे लोक कारण मागत नसतात, नाव मागत असतात, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी लिहिलं: "दिशा सांगितल्यावर प्रतिसाद उशिरा. दबावात गोंधळ. ही गोष्ट आधीच्या सामन्यांतही दिसते. बदल सुचवतो." त्यातलं दबावाचं वाक्य सोडलं तर निरीक्षणं खरी होती. पाचव्या दिवशी त्याने बॅग भरली. जाताना माझ्या पाया पडला. मी त्याला "सराव चालू ठेव" म्हणालो.

पुढच्या आठवड्यात नवीन मुलासाठी संभाषणाचे नमुने काढायला बसलो. आम्ही प्रत्येकाच्या माइकचा आवाज वेगळा साठवतो. पण बघताना नेहमी एकत्र केलेला आवाज ऐकतो, आणि त्यात बारीक पुटपुटणं गोळीबाराखाली दबतं. त्या दिवशी पहिल्यांदा फक्त जिंतूरचा आवाज लावला.

"एकशे पंच्याऐंशी... वन एटी फाइव्ह, वन एटी फाइव्ह!"

पुढे, "सव्वादोनशे... टू... टू ट्वेंटी फाइव्ह!"

प्रत्येक वेळी. आधी मराठीत, श्वासाखाली, मग इंग्रजीत, मोठ्याने. मधल्या त्या क्षणाला मी उशीर म्हणत होतो.

बाहेरच्यांना हे सांगायला हवं. पडद्याच्या वर होकायंत्राची पट्टी असते, उत्तरेपासून 360 अंशांची. शत्रू दिसला की ज्याला दिसला त्याने अंश सांगायचा. बोटाने खूण करता येते, पण शेवटच्या झोनमध्ये त्यासाठी बोट ट्रिगरवरून काढणं परवडत नाही, शिवाय चौघांच्या चार खुणा झाल्या की पट्टीच वाचता येत नाही. म्हणून आवाज. आणि आपल्याकडे जवळजवळ सगळे संघ बोलतात हिंदी, पण आकडे इंग्रजी. हे कोणी ठरवलेलं नाही. हरियाणाचा, आसामचा, नाशिकचा आणि जिंतूरचा मुलगा एका खोलीत आले की असंच होतं.

जिंतूरची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. पंच्याऐंशीमध्ये पाच आधी येतो, ऐंशी मागून. एटी फाइव्हमध्ये उलटं. माझी आई अशाच शाळेत शिक्षिका होती. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" अशी संख्यावाचनाची पद्धत आली आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा आई महिनाभर चिडलेली होती. पंच्याऐंशी म्हणताना मुलं 58 लिहितात हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, तरीही तिला आपले आकडे मोडायचे नव्हते. त्या वादात मी आईच्या बाजूने होतो, अजूनही आहे. पण मुलं कुठे अडखळतात हे मला जेवणाच्या ताटावर ऐकून माहीत होतं, आणि कामावर आठवलं नाही.

मग शेवटचा सामना लावला. "वन फिफ्टीन" या हाकेनंतर त्याच्या माइकवर एकच शब्द होता.

"दीडशे."

फिफ्टीन आणि फिफ्टी. पाठीमागे झोन पेटलेला, कानात दोन बंदुका. शेवटचा "न" कोणाला ऐकू येणार? त्याने दीडशे अंशावर फोर एक्स रोखला होता, अगदी अचूक. 60 मीटरवर 35 अंशांचा फरक म्हणजे जवळपास 36 मीटर, आणि फोर एक्सच्या अरुंद गोलात तेवढं बाजूचं काहीच दिसत नाही. तो गोंधळला नव्हता. त्याला जे ऐकू आलं तिथे तो सगळ्यांच्या आधी पोचला होता. मराठीत एकशे पंधरा आणि दीडशे यांची गल्लत कोणी झोपेतही करणार नाही.

या क्षेत्रात सुधारणा म्हणजे नेम. सेन्सिटिव्हिटीचे आकडे, टीडीएममध्ये, म्हणजे दोन संघांच्या छोट्या चकमकीत, तासन्‌तास घासणं, बोटांची मांडणी, आयपॅड की फोन. यावर पोरं रात्र जाळतात. बोलायचं कसं हे कोणी शिकवत नाही, मीही शिकवलं नाही. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाखाली आणलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. खेळ म्हणवून घ्यायचं तर प्रशिक्षणही तसं हवं. वैमानिक दिशा सांगताना एकेक अंक सुटा उच्चारतात, कारण असली गल्लत त्यांना परवडत नाही. वन वन फाइव्ह. वन फाइव्ह झीरो. मी ते सरावात लागू केलं. दोन दिवस सगळे कुरकुरले, तिसऱ्या दिवशी सवय झाली. हरियाणाचा मुलगा म्हणाला, "सर, यह पहले क्यों नहीं किया?"

त्या संध्याकाळी जिंतूरला फोन केला. तो शेतात होता, सोयाबीनवर फवारणी चालली होती. मी सगळं सांगितलं, माझ्या अहवालासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही.

"सर, मला वाटायचं सगळ्यांनाच असं मनात बदलून घ्यावं लागतं. ते माझ्यापेक्षा फास्ट आहेत, एवढंच."

"मला सांगायचंस तरी."

"काय सांगणार सर? इंग्रजी येत नाही म्हणून?"

मग त्याने विचारलं, आता कसं बोलता. मी सांगितलं. त्याने फोनवरच म्हणून पाहिलं, दोनदा, पटापट, मध्ये कुठेही न थांबता. मागून वडिलांनी हाक मारली, पंप भरायचा होता.

त्याच्या जागी आलेल्या मुलाचा करार वर्षभराचा आहे. जिंतूरबद्दलचा माझा अहवाल चुकीचा होता असं मी व्यवस्थापनाला लेखी कळवलं आहे, सोबत दोन्ही ध्वनिफिती जोडून. तो पहिला अहवाल आणखी दोन संघांकडे गेल्याचं मला मागाहून कळलं, त्यांनाही हेच पाठवलं. एकाचं उत्तर आलं: ध्वनिफीत ऐकली, पण सध्या जागा नाही. बाकीच्यांची वाट बघतोय.