हवानात खोका उलटा करून बघताना

"आणलीस तर खरी आण पोरी, नाहीतर रिकाम्या हातानं ये," निपाणीहून निघताना काका म्हणाले होते. तीस-बत्तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढलेला माणूस. मूठभर चुरा तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि माल कसा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. क्यूबाच्या सिगारमधलं पान एकदा हातात घेऊन बघायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. मी स्वतः ओढत नाही, पण डिसेंबर २०१८मध्ये हवानाला उतरले तेव्हा बाकी सगळं बघण्याआधी डोक्यात हेच होतं.

पहिल्याच दुपारी ओबिस्पो रस्त्यावर एक तरुण सोबत चालायला लागला. कुठून आलात, इंडिया फार सुंदर, असं करत करत त्यानं आवाज खाली आणला. आज सहकारी संस्थेचा दिवस आहे, कारखान्यातल्या कामगारांना आपल्या वाट्याच्या सिगार विकायची मुभा असते, फक्त आजच. मावशी कारखान्यात कामाला आहे म्हणाला. (पुढच्या चार दिवसांत हीच गोष्ट आणखी तिघांनी सांगितली. प्रत्येकाचं कुणीतरी कारखान्यात होतं, आणि दिवस प्रत्येक वेळी "आजच"चाच.)

मी गेले त्याच्याबरोबर. एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला, टीव्ही चालू, पलंगाखालून निघालेला लाकडी खोका. कोहिबा या नावाजलेल्या छापाच्या, एस्प्लेंदिदोस या प्रकारच्या सिगार, २५ नग, ६० कुक. कुक म्हणजे तेव्हा परदेशी लोकांच्या हातात असायचं ते चलन, साधारण डॉलरच्या बरोबरीचं. दुकानात त्याच खोक्याला याच्या कितीतरी पट पैसे पडतात, हे मला ठाऊक होतं.

खोका दिसायला देखणा होता. पण वखारीत वाढलेल्या पोरीला एक सवय असते. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल आणि तळाशी झाडणी, हा खेळ काकांनी आयुष्यभर पकडला. मी खोका उलटा केला. तळाला "एचो एन कूबा", म्हणजे क्यूबात बनवलेली, हे शब्द होते, पण छापलेले. बोट फिरवलं तर लाकूड गुळगुळीत लागलं. कारखान्याचा आणि तारखेचा शिक्का कुठेच नव्हता. झाकण उघडलं तर आतल्या सिगार कुणी काळपट, कुणी पिवळट, हाताला येईल तशा भरलेल्या. खोका नको म्हटलं आणि दोन सुट्या सिगार १० कुकला घेतल्या. त्या कापून बघायच्याच हे मी जिना उतरतानाच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेर्कादेरेस रस्त्यावरच्या काँदे दे विल्यानुएव्हा हॉटेलातल्या 'ला कासा देल आबानो' या अधिकृत दुकानात गेले. तिथल्या माणसाला सरळ सांगितलं की घेण्याआधी मला शिकायचंय. त्यानं शांतपणे कोहिबाचाच एक खोका काढून माझ्यासमोर उलटा ठेवला. तळाची अक्षरं तापल्या ठशानं डागलेली होती. "आबानोस एस. ए." हे क्यूबाच्या सिगार विकणाऱ्या कंपनीचं नाव, "एचो एन कूबा" आणि "तोतालमेंते आ मानो", म्हणजे संपूर्ण हातानं केलेली. बोटाला खाच लागत होती, कडा किंचित करपलेल्या. बाजूला शाईचा शिक्का होता, कारखान्याचा गुप्त संकेत आणि खाली स्पॅनिशमध्ये महिना आणि वर्ष. जानेवारी म्हणजे JAN नव्हे, तर ENE, एनेरोची पहिली तीन अक्षरं, एप्रिलला आब्रिलची, ऑगस्टला आगोस्तोची. इंग्रजी महिना दिसला की खोका परत द्यायचा.

मग हिरवी पट्टी. क्यूबाच्या सरकारनं १९१२पासून निर्यातीच्या खोक्यांना हमीची पट्टी लावायला सुरुवात केली. २००९पासूनच्या पट्टीवर होलोग्राम आणि बारकोड असतो, आणि त्याचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कोहिबाच्या कागदी कड्यावरची अक्षरं उठावदार असतात, नख फिरवलं की कळतं. काचेच्या झाकणाचा कोहिबाचा खोका कुणी दाखवला तर पुढे बघायचंसुद्धा नाही, कारण तसा खोका कंपनी काढतच नाही. पण मला सगळ्यात आवडला तो रंगांचा क्रम. खऱ्या खोक्यात सिगार डावीकडच्या गडदपासून उजवीकडच्या फिक्यापर्यंत लावतात, आणि शेजारच्या दोघींत फरक इतका बारीक की उजेडात धरूनच दिसावा. ते काम करणारी वेगळी माणसं असतात. पट्टी, कडं, शिक्का सगळ्याची नक्कल होते, पण पंचवीस सिगारी अशा निवडून लावण्याइतका वेळ पलंगाखालच्या धंद्यात कुणाकडे नसतो.

मी खोका घेतला, आणि एक खरी सुटी सिगार वेगळी.

संध्याकाळी मुक्कामाच्या घराच्या गच्चीवर मालकीणबाईंकडून सुरी आणि वर्तमानपत्र मागून घेतलं. दोन्ही सिगार उभ्या चिरल्या. रस्त्यावरची उघडताच निम्मी भुरभुरून सांडली. तुकडे, धूळ, काडीएवढा जाड देठ, आणि मधे एक धागा. खरी तशी सांडलीच नाही. वरचं कापा, म्हणजे नेसवल्यासारखं गुंडाळलेलं पातळ पान, त्याखाली बांधणारं कापोते, आणि आत पंख्यासारखी दुमडलेली लांब पानं, टोकापासून टोकापर्यंत अखंड. पान उलगडलं तर मऊ कातड्यासारखं वाटलं. वासही वेगळा, ओल्या लाकडाचा आणि थोडा शेणखताचा. मालकीणबाई वाकून बघत होत्या. त्यांचे वडील सिगार वळायचे, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्या सांडलेल्या भुश्याकडे बघून खूप वेळ काही बोलल्या नाहीत.

कारखाना बघायला मिळाला. कॅमेरा, फोन आत न्यायचा नाही. रांगेनं बाकं, प्रत्येकापुढे लाकडी फळी आणि अर्धचंद्रासारखं पातं, त्याला चावेता म्हणतात. तोंडाशी पानाचे गोल तुकडे चिकटवून टोपी करायची ती नऊ महिने शिकूनही सगळ्यांना जमत नाही, असं वाटाड्यानं सांगितलं. चौथऱ्यावर बसून एक बाई वाचून दाखवत होत्या. कामगारांना मोठ्यानं वाचून दाखवायची ही रीत १८६५पासूनची. मला सिन्नर-निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या, मांडीवर सूप, हातात कात्री, आणि वाचून दाखवायला कुणी नाही. बनावट मालाचा मला राग येतो तो इथे. नाव या बाकावरच्या हातांचं विकलं जातं आणि पैसा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

विन्यालेसला, म्हणजे पश्चिम क्यूबातल्या तंबाखूच्या शेतांच्या गावी, मात्र निराळं. तिथे शेतकरी नव्वद टक्के तंबाखू सरकारला देतो आणि उरलेल्यातून स्वतःच्या सिगार वळून विकतो. त्यांना कडं नसतं, नाव नसतं. त्या घ्याव्यात, त्यात फसवणूक नाही. मी दहा घेतल्या. क्यूबातून निघताना सुट्या वीसपर्यंत पावतीशिवाय चालतात, पेट्या असतील तर पावती जपून ठेवलेली बरी. भारतात २५पर्यंत जकात लागत नाही, म्हणून दहा तिथेच वाटून टाकल्या.

निपाणीत काकांनी खोका आधी उलटा केला. मी सांगायच्या आधीच. मग एक सिगार चिरून पान ओसरीवर पसरलं, तळहातानं सुरकुत्या काढल्या, उजेडाला धरलं. दुसऱ्या पुडीत मी तो रस्त्यावरचा भुसा आणला होता. त्यांनी नखानं देठ वेचून बाजूला ठेवला.

"एक बाई दिवसाला किती वळते तिथं?"

"शंभराच्या आसपास. आकारावर आहे."

"आपल्याकडं मजुरी हजार विड्यांवर," काका म्हणाले आणि पान परत जसं होतं तसं दुमडायला लागले.